उल्लेख किती, उपयोग किती?

लेखमाला : संशोधन समजून घेताना (लेखांक सहावा)

शोधनिबंध छापण्याआधी इतर तज्ज्ञ तो कसा तपासतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज छापून आल्यानंतरची गोष्ट.

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत कुणाला लिव्हरचा आजार निघाला की घरात पहिली चर्चा होते ती यवतमाळला न्यायचं, नांदेडला की नागपूरला. मग घरातलं शिकलेलं पोरगं मोबाइलवर डॉक्टरांचं नाव टाकतं आणि समोर आकडे येतात : शोधनिबंध इतके, सायटेशन इतकी, एच-इंडेक्स अमुक. हे आकडे नेमकं काय मोजतात?

सायटेशन म्हणजे एका संशोधकाच्या कामाचा दुसऱ्यानं आपल्या निबंधात केलेला उल्लेख. असे उल्लेख पद्धतशीर नोंदवून त्यांची सूची करावी, ही कल्पना अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी 1955 साली मांडली. एच-इंडेक्स 2005 मधला. तो जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला. ज्याच्या किमान 20 निबंधांना प्रत्येकी किमान 20 उल्लेख मिळाले, पण 21 निबंधांना 21 मिळाले नाहीत, त्याचा एच-इंडेक्स 20. म्हणजे आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि त्याला हजार उल्लेख मिळाले, तरी हा आकडा 1च.

आता पुण्याच्या केईएम रुग्णालयातलं एक काम घेऊ. एके काळी आपल्याकडे तान्ह्या मुलांना गाठणारा यकृताचा एक जीवघेणा आजार होता. वैद्यकात त्याला इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस म्हणतात. बहुतेक मुलं एक ते तीन वर्षांची. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं, पुढं कावीळ, आणि निदान झाल्यावर अनेक मुलं काही महिन्यांत दगावायची. एकाच घरात दुसऱ्या मुलालाही तो झाल्याची उदाहरणं होती, म्हणून दोष रक्ताचा असावा असाही संशय होता.

केईएमचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी इतर सहकाऱ्यांसह 1979 साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं असतं. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे तांबं साधारण 50 मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांत ते अनेकदा 800च्या वर जायचं. पण एवढं तांबं आलं कुठून? 1983 साली टॅनर, कँटारजियन, डॉ. शीला भावे आणि डॉ. पंडित या चौघांनी त्याच नियतकालिकात बोट ठेवलं ते स्वयंपाकघरावर. बाळाला लवकर सुरू केलेलं गाईम्हशीचं वरचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलं आणि ठेवलं जात होतं. कल्हई उडालेल्या पितळेतून तांबं दुधात उतरतं आणि दुधातल्या केसीनला धरून राहतं. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं. त्यामुळं फरक ठळक होता.

एका निबंधानं प्रश्न मिटत नाही. पुढं आजारी आणि निरोगी मुलांच्या घरी बाळाला काय, कशातून पाजलं याची तुलना झाली. 1996 साली ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागातल्या अशाच जुन्या आजाराचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. 1900 ते 1974 या काळात तिथली 138 बाळं त्यानं गेली होती. तिथंही दूध तांब्याच्या भांड्यात तापवलं जायचं. मात्र आजार काही ठरावीक कुटुंबांतच दिसला, म्हणून तांब्याच्या जोडीला आनुवंशिक कारण असावं असा निष्कर्ष निघाला. पुण्यातल्या कामाशी ताडून पाहिल्यानं टायरॉलचं कोडं उलगडायला मदत झाली आणि टायरॉलमुळं आपल्याकडचा आनुवंशिकतेचा जुना संशय पुन्हा जागा झाला. उल्लेखाचं खरं मोल हे : कुणाच्या कामावर पुढचं काम उभं राहिलं, हे त्यातून दिसतं.

पण मोजणीच्या मर्यादाही इथंच दिसतात. हा आजार आता अत्यंत दुर्मीळ झाला आहे. रुग्ण नसले की त्यावर लिहिणारेही घटतात, आणि लिहिणारे घटले की उल्लेखही. उलट, ज्या आजारावर जगभर हजारो लोक काम करतात, त्यावरच्या सामान्य निबंधालाही भरपूर उल्लेख मिळतात. म्हणून दोन वेगळ्या विषयांतल्या संशोधकांचे आकडे शेजारी ठेवून थोर-लहान ठरवणं चूक.

आजार गेला याचं सगळं श्रेय निबंधाला देणंही सोपं नाही. त्याच काळात घराघरांत स्टेनलेस स्टील आलं आणि पितळेची पातेली माळ्यावर गेली. डॉक्टरांचा सल्ला किती आणि बाजारातली स्वस्त भांडी किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. शिवाय बाळाला काय पाजलं हे आठवून सांगणाऱ्या आयांच्या माहितीवर हे संशोधन उभं होतं. त्यांची नोंद कुठल्याच इंडेक्समध्ये होत नाही.

तेव्हा मोबाइलवर आकडा दिसला तर आणखी तीन गोष्टी पाहा. सर्वाधिक उल्लेख मिळालेला निबंध कशाबद्दल आहे? इतरांनी तो मान्य करण्यासाठी उल्लेखला की खोडण्यासाठी? त्यानंतर उपचारात किंवा सल्ल्यात काही बदललं का? आणि तुमच्या रुग्णाला कोण नीट तपासेल, हे यातलं काहीच सांगत नाही. त्यासाठी त्या विभागात असे रुग्ण नेहमी येतात का आणि तपासण्यांची सोय तिथंच आहे का, हे विचारणं जास्त कामाचं.

पुढील आठवड्यात : दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ आणि हिपॅटायटिस ई विषाणूचा शोध.