चार आण्यांचा हिशेब

मुंबईत ग्वालिया टँकला उतरलात की ऑगस्ट क्रांती मैदान लागतं. त्याच्या शेजारीच तेजपाल सभागृह आहे. १८८५ साली या जागेवर गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा होती. राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, पहिलं अधिवेशन खरं तर पुण्यात भरायचं होतं, पण तिथे कॉलऱ्याची साथ आली आणि ते ऐन वेळी इथे हलवलं गेलं. २८ डिसेंबर १८८५ रोजी या पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. शेजारच्या मैदानात ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री ‘भारत छोडो’चा ठराव झाला. दोन जागांमधलं अंतर चालत पाच मिनिटांचंही नाही. देशाला ते कापायला ५६ वर्षं आणि सात महिने लागले.

या पाच मिनिटांच्या वाटेवर काय काय मावलं आहे, ते आकड्यांत मांडून पाहिलं की छाती दडपते.

एकामागे तीन लाख

१९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या २९ कोटी ४० लाख भरली. एवढ्या मुलखाचा कारभार पाहणारे इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे अधिकारी होते हजाराच्या आसपास, आणि त्यांतले बहुतेक सगळे गोरे. म्हणजे एका साहेबामागे जवळजवळ तीन लाख माणसं. वानखेडे स्टेडियम खचाखच भरलं तर साधारण ३३ हजार माणसं बसतात. अशी नऊ स्टेडियमं डोळ्यांसमोर आणा आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालवणारा एकच माणूस उभा करा.

हे चाललं कसं? कलेक्टर साहेब जिल्ह्याला एक. त्याच्या हाताखाली मामलेदार, कारकून, तलाठी, पाटील, कोतवाल, फौजदार, शिपाई. ही सगळी आपलीच माणसं. सारा वसूल करणारे हात आपले आणि तो भरणारे हातही आपलेच. गोळ्या झाडणाऱ्या पलटणींतही आपलीच पोरं. टिळकांनी २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्याच्या भाषणात नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवलं. सारावसुलीला आणि बंदोबस्ताला आपण हात लावायचा नाही असं ठरवलं, तर हे राज्य चालणार नाही, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. स्वातंत्र्यलढ्याचं सगळं गणित या एका वाक्यात येतं. सत्ता मूठभरांची होती, ती उभी होती कोट्यवधींच्या खांद्यावर. खांदा काढून घ्यायचा, एवढंच करायचं होतं. पण ते ‘एवढंच’ करायला कोट्यवधी माणसांना एकाच वेळी तयार करावं लागणार होतं.

वर्षाला २० रुपये

या राज्याचा पैशांतला हिशेब पहिल्यांदा मांडणारा माणूस गणिताचाच प्राध्यापक होता. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवत. सरकारचेच आकडे घेऊन त्यांनी १८७० च्या सुमाराचं हिंदी माणसाचं उत्पन्न काढलं. ते भरलं दरडोई वर्षाला सुमारे २० रुपये. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे वर्षाचे ३२० आणे, दिवसाला एक आणाही नाही. तेवढ्यात खाणं, कपडा, आजारपण, लग्नकार्य आणि वर सरकारचा कर. पुढे हेच दादाभाई १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटात निवडून गेले, तेही अवघ्या पाच मतांनी. ज्या सभागृहातून हिंदुस्थानवर राज्य चालायचं, तिथेच त्यांनी हा हिशेब मांडला.

१८८५ च्या सुमारास हिंदुस्थानची लोकसंख्या साधारण २५ कोटी होती. तेजपाल पाठशाळेत जमलेला एकेक प्रतिनिधी जवळजवळ ३५ लाखांच्या वतीने बोलत होता, आणि त्या ३५ लाखांतल्या बहुतेकांना अशी काही सभा भरली आहे हेही ठाऊक नव्हतं.

सहा वर्षं, सहा दिवस

१३ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला सुरू झाला. टिळकांनी आपली बाजू स्वतःच मांडली. त्यांचं भाषण सगळं मिळून २१ तास १० मिनिटं चाललं. ज्यूरीत नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती.

मग गिरणगावाने आपला आकडा मांडला. शिक्षेच्या एका वर्षामागे एक दिवस, असे सहा दिवस गिरण्या बंद. हे कामगार कोकणातले, घाटावरचे, हातावर पोट असलेले. रोजंदारी बुडाली तर चूल पेटायची नाही. रस्त्यावर लष्कर उतरलं, गोळीबार झाला, माणसं मेली, तरी सहा दिवस भरले. ज्यूरीतले सात जण मोजायला सोपे होते. सहा दिवस ज्यांच्या घरी चूल पेटली नाही, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

एक कोटी

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. त्याच दिवशी असहकार सुरू झाला. डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा प्रतिनिधी किती होते? १४,५८२. पस्तीस वर्षांत बहात्तरचे दोनशे पट. काँग्रेसची घटनाही तिथे बदलली आणि सभासदाची वर्गणी ठरली चार आणे.

पुढच्या वर्षी बेझवाड्याला आणखी मोठा संकल्प सुटला. ३० जूनपर्यंत टिळक स्वराज्य फंडात एक कोटी रुपये, काँग्रेसचे एक कोटी सभासद आणि देशात वीस लाख चरखे चालू. हाताशी होते तीन महिने. म्हणजे रोज जवळजवळ एक लाख दहा हजार रुपये गोळा व्हायला हवेत, तेही ज्या देशात बहुतेकांच्या हाती दिवसाकाठी आणा-दोन आणे पडत, त्या देशात. एक कोटी रुपयांचे आणे होतात सोळा कोटी. रोजचे दोन आणे धरले तर ही आठ कोटी दिवसांची कमाई झाली.

सभासद ५० लाखांपर्यंत गेले. तो संकल्प निम्माच राहिला. पैशांनी मात्र कोटीचा आकडा ओलांडला. मुंबईतल्या शेठजींनी लाखांच्या रकमा दिल्या, हे खरं. पण ५० लाख सभासदांचे चार-चार आणे म्हणजे कुणाची तरी दोन दिवसांची मजुरी, ५० लाख वेळा काढून दिलेली. स्वराज्याची पहिली जनगणना म्हणावी तर ही.

या चळवळीचा परिणाम दिसला तो कापडाच्या आयातीत. ३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात विलायती कापडाची प्रचंड होळी पेटली. १९२०-२१ साली १०२ कोटी रुपयांचं विलायती कापड आलं होतं, ते पुढच्याच वर्षी ५७ कोटींवर आलं. एका वर्षात ४५ कोटींची घट. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना टिळकांचं कलकत्त्याचं भाषण ठाऊक असो वा नसो, त्याचा अर्थ त्यांना या आकड्याने समजावला.

१५ वर्षं ४ महिने

२ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र पाठवलं. त्यात संताप कमी आणि हिशेब जास्त होता. व्हाइसरॉयचा पगार महिना २१ हजार रुपये, म्हणजे दिवसाला ७००. हिंदी माणसाचं सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहून कमी. म्हणजे व्हाइसरॉयला आपल्या माणसाच्या पाच हजार पटींहून जास्त. आणि इंग्लंडच्या पंतप्रधानाला? आपल्या देशाच्या सरासरीच्या ९० पट.

हा हिशेब आपण आणखी एक पायरी पुढे नेऊ. ७०० रुपयांचे ११,२०० आणे. रोज दोन आणे मिळवणाऱ्याने एक पैसाही खर्च न करता सगळे साठवले, तर व्हाइसरॉयच्या एका दिवसाच्या पगाराएवढी रक्कम जमायला ५,६०० दिवस लागतील. १५ वर्षं आणि चार महिने. तोवर त्याच्या मुलाचं लग्न होऊन गेलेलं असेल.

आणि हाच माणूस मिठावर कर भरत होता. मणाला सव्वा रुपया. मणाचे ४० शेर, म्हणजे शेराला अर्धा आणा. माणशी वर्षाला सहा शेर मीठ धरलं तर तीन आणे. पाच जणांच्या घराला पंधरा आणे, साडेसात दिवसांची कमाई. समुद्राने फुकट दिलेल्या वस्तूसाठी वर्षातला एक आठवडा सरकारकडे जमा.

१२ मार्चला साबरमतीहून गांधीजींबरोबर ७८ जण निघाले. त्यांत प्रार्थनेची भजनं गाणारे आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. गांधीजींचं वय ६०. सुमारे २४० मैल, २४ दिवस, रोजचे दहा मैल. ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललं गेलं. आमच्या कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला, मुंबईत वडाळ्याच्या आगरांवर लोंढे गेले, आणि बिळाशी, चिरनेर अशा गावांनी जंगलचा कायदा मोडला. २१ मे रोजी धारासण्याला अडीच हजार स्वयंसेवक रांगा करून लोखंडी टोकांच्या लाठ्यांसमोर चालत गेले. एक रांग पडली की दुसरी पुढे. हात वर करून वार अडवायला कुणी धजला नाही असं नव्हे, कुणी अडवायचा नाही असं ठरलेलं होतं. वेब मिलर या अमेरिकन बातमीदाराने दवाखान्यात जाऊन ३२० जखमी स्वतः मोजले. त्याची बातमी जगभरच्या १,३५० वर्तमानपत्रांत छापून आली. वर्ष संपेपर्यंत ६० हजारांहून जास्त माणसं तुरुंगात गेली होती. ७८ जणांनी सुरुवात केलेली वाट!

सुटकेचं साल १९६०

तुरुंगाचा हिशेब वेगळा. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत २४९ आणि हिंदुस्थानात २,०८९ असे एकूण २,३३८ दिवस कैदेत काढले. टिळकांनी मंडालेच्या कोठडीत पेन्सिलीने गीतारहस्य लिहिलं. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात पाच महिन्यांत हजार पानं लिहून काढली. जतीन दास लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपाशी राहून गेले.

आणि २७ वर्षांच्या विनायक दामोदर सावरकरांना दोन जन्मठेपा मिळून ५० वर्षांची शिक्षा झाली. अंदमानात त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल कोरलेलं होतं, १९६०. ज्या सरकारने ते साल कोरलं, ते सरकारच त्याच्या तेरा वर्षं आधी इथून गेलं.

९१,८३६

८ ऑगस्ट १९४२ ची रात्र संपायच्या आत झाडून सगळे पुढारी पकडले गेले. सकाळी त्याच मैदानात अरुणा असफ अली यांनी झेंडा फडकवला. सरकारचा अंदाज होता की डोकं कापलं की धड पडेल. घडलं ते उलट. १९४३ च्या अखेरीपर्यंत सरकारच्याच नोंदीप्रमाणे ९१,८३६ जणांना अटक झाली. सर्वांत जास्त, २४,४१६, मुंबई इलाख्यात. २०८ पोलीस चौक्या, ३३२ रेल्वे स्टेशनं आणि ९४५ पोस्ट ऑफिसं जाळली किंवा मोडली गेली. साहेब परदेशात महायुद्ध लढत होता, तरी त्याला इथे लष्कराच्या ५७ बटालियनी उतरवाव्या लागल्या. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांनी तर प्रतिसरकारच चालवलं. कज्जे तिथे मिटू लागले, पाटील-तलाठी तिकडे वळले. १९०७ साली टिळकांनी भाषणात मांडलेलं गणित साताऱ्याच्या शिवारांत सुटलं होतं.

शेवटचा आकडा १८ फेब्रुवारी १९४६ चा. मुंबईच्या ‘तलवार’ या नाविक केंद्रात खलाशांनी संप केला. बघता बघता ७८ जहाजं, २० किनाऱ्यावरची ठाणी आणि २० हजार खलाशी त्यात आले. दांडीला निघालेले ७८ आणि बंदरात उठलेली ७८ जहाजं, हा योगायोग. पण सैनिकाने हुकूम मानायचं थांबवलं, हा योगायोग नव्हता. साहेबाच्या पायाखालचा शेवटचा खांदाही निघाला होता. दीड वर्षात तो गेला.

एवढे आकडे मांडल्यावरही खरा आकडा हाती येत नाही, तो म्हणजे नावं न लिहिलेल्यांचा. सहा दिवस गिरणीत न गेलेला कामगार, मजुरीतले चार आणे काढून देणारी शेतकरीण, भूमिगतांना रात्री भाकरी बांधून देणारी आई. पुढारी थोर होते यात शंका नाही. त्यांचं थोरपण यात होतं की त्यांनी या माणसांना मोजायला शिकवलं, आणि ती मोजली गेली तेव्हा राज्य संपलं.

तुमच्या गावच्या घरात, माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत पणजोबांची काँग्रेसच्या वर्गणीची चार आण्यांची पावती सापडली तर ती रद्दीत घालू नका. या देशाच्या स्वातंत्र्यात तुमच्या घराने घातलेली ती रक्कम आहे.