फवारणी उसाची, काळजी माणसाची



खोडकिडीचे औषध असो की तणनाशक, आपला गडी उघड्या अंगाने, अनवाणी पंप पाठीवर घेतो. हटकले तर म्हणतो, "रोजचंच हाय, काय होतंय?" २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यांचेही ते रोजचेच काम होते.

डब्यावरचा त्रिकोण आधी पाहावा. तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. पॅराक्वाट तणनाशकावर तर उताराच नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, बूट व मास्क हवेत. वाऱ्याच्या तोंडी फवारू नये. तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू नये.

पण सुरुवात मालकाने करावी. मालकाच्या हातात मोजे दिसले की गडीही घालतो. "मालक, गरगरतंय" असे तो म्हणाला, तर कामचुकार म्हणू नका. पंप उतरवा, डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा आणि त्या दिवसाची हजेरी कापू नका. हजेरी बुडेल या भीतीने गडी गप्प बसतो, अन् तोवर विष अंगात भिनते.