गुप्तता कोणाच्या रक्षणासाठी?

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे आपले सुरत शहर सोडून गेली. खात्रीची माहिती नसली की अफवेचे राज्य येते, हे मी तेव्हा पाहिले.

‘गुप्त’ शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘गुप्’ धातूचा अर्थ ‘रक्षण करणे’ असा आहे. मग शासकीय गुप्ततेने रक्षण कोणाचे व्हावे? १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात लोकांच्या जाणण्याच्या हक्काला स्थान नव्हते. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८(२) ने ते दिले. हानीपेक्षा लोकहित मोठे असेल, तर गोपनीय माहितीही देता येते. राफेल विमानखरेदीची फुटलेली कागदपत्रे विचारात घेऊ नयेत, हा केंद्र सरकारचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी फेटाळला.

सैन्याच्या हालचाली अवश्य झाकाव्यात. सत्तेच्या चुका झाकू नयेत.