तेरा मुली आणि एक मोकळी जागा

रात्री साडेनऊला फोन वाजला. आमच्या केंद्रातल्या सगळ्यांत लहान वस्तीशाळेवरचे सर होते. “मॅडम, गणवेशाच्या तक्त्यात आमच्या शाळेला मुली शून्य दाखवताय. आज सकाळी तर तेराच्या तेरा हजर होत्या.”

मी लॅपटॉप पुन्हा उघडला. बारा शाळांची ८४३ मुलं एका शीटवर होती, एका मुलाला एक ओळ. सरांच्या शाळेच्या ओळी समोर दिसत होत्या. लिंग या रकान्यात तेरा वेळा ‘मुलगी’ लिहिलेलं, अगदी स्वच्छ. बाजूच्या तक्त्यात मात्र त्याच शाळेसमोर शून्य. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत तालुक्याला मागणी द्यायची होती आणि तक्ता केंद्राच्या ग्रुपवर मी संध्याकाळीच टाकून मोकळी झाले होते.

ही गोष्ट २०२३ च्या आधीची. समग्र शिक्षा योजनेतून तेव्हा गणवेश सरसकट सगळ्यांना नसे. पहिली ते आठवीच्या सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींचे मुलगे आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतले मुलगे, एवढ्यांना दोन जोड. एका मुलामागे ६०० रुपये. (२०२३-२४ पासून उरलेल्या मुलांचाही खर्च राज्य सरकारने उचलला. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला कपडे आणि दुसऱ्याला नाही, हे वर्गात उभं राहून समजावून सांगणं किती जड जात होतं, ते त्या दिवसांत शिकवलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.) मी केंद्रशाळेत शिकवते. संगणक येतो म्हणून एकदा केंद्राची माहिती एकत्र करायला दिली, ते काम तेव्हापासून माझंच झालं.

मी नोकरीला लागले तेव्हा हेच काम हाताने चाले. आमचे मुख्याध्यापक हजेरीपट मांडीवर घेऊन बसत, बोट एकेका नावावरून खाली सरकवत आणि कागदावर रेघा मारत. चार उभ्या, पाचवी आडवी. ‘पाचवीच्या अनुसूचित जमातीच्या मुली किती?’ झालं की ‘मुलगे किती?’ यासाठी पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात. नुसतं मोजणं माणसाला दमवत नाही. एकाच नावाला एकाच वेळी चार प्रश्न विचारायचे आणि चारही उत्तरं जुळली तरच रेघ मारायची, यात डोकं शिणतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांमध्ये आपल्याकडे यासाठी चिठ्ठ्या वापरत. प्रत्येक माणसाची माहिती एका चिठ्ठीवर उतरवायची. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळे, छापलेल्या खुणेवरून स्त्री की पुरुष आणि लग्न झालंय की नाही ते कळे. मग चिठ्ठ्या खणांत टाकायच्या आणि गठ्ठे मोजायचे. मला ही पद्धत फार आवडते. तिच्यात शेवटपर्यंत एका माणसाची एक चिठ्ठी राहते.

एक्सेलमधली ओळ म्हणजे तीच चिठ्ठी. आणि खणांचं काम करतं ते सूत्र म्हणजे काउंटइफ्स. ते २००७ च्या आवृत्तीत आलं. पडद्यावर रोमन अक्षरांत लिहायचं असतं, इथे देवनागरीत उतरवते:

=काउंटइफ्स(बी२:बी८४४,"वस्तीशाळा",डी२:डी८४४,"मुलगी")

बी रकान्यात ‘वस्तीशाळा’ आणि त्याच ओळीत डी रकान्यात ‘मुलगी’ असेल, अशा ओळी किती? एवढाच त्याचा अर्थ. जागा आणि अट, जागा आणि अट, अशा जोड्या लावत जायचं. सगळ्या अटी एकाच ओळीत पुऱ्या झाल्या तर एक धरायचा, एकही चुकली तर काही नाही. जागांची लांबी सारखी हवी. एकीकडे ८४४ आणि दुसरीकडे ८४३ लिहिलं तर आकड्याऐवजी चूक दाखवतं. ती चूक मला बरी वाटते, कारण ती तोंड उघडते. दोन्हीकडे चुकून ८०० लिहिलं तर मात्र खालची ४४ मुलं गळतात आणि आकडा काहीच बोलत नाही.

त्या रात्रीचं शून्य असंच मुकं होतं.

मी आधी बेरीज करून पाहिली. मुलगे ४४२, मुली ३८८, मिळून ८३०. पट ८४३. म्हणजे नेमक्या तेराच कमी, बाकी शाळा ठीक होत्या. मग सरांच्या शाळेतल्या एका ‘मुलगी’वर लांबी मोजणारं सूत्र लावलं. आपल्याला ‘मुलगी’ तीन अक्षरांची वाटते. संगणक म, उकार, ल, ग आणि वेलांटी अशी पाच मोजतो. इथे उत्तर आलं सहा. गी नंतर एक मोकळी जागा होती, स्पेस. सरांनी पहिल्या ओळीत मोबाइलवर शब्द टाइप केला, कीबोर्डने आपणहून शेवटी स्पेस दिली आणि तोच शब्द त्यांनी खाली बारा ओळींत चिकटवला. डोळ्याला ती जागा दिसत नाही. सूत्राच्या लेखी ‘मुलगी’ आणि ‘मुलगी’पुढे रिकामी जागा हे दोन वेगळे शब्द.

ट्रिम हे सूत्र लावून मोकळ्या जागा काढल्या. ३८८ च्या ४०१ झाल्या. सरांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, “बरं झालं. पण मुलग्यांचंही बघा ना. माझ्याकडे मुलगे नऊ, आणि पात्र मुलगे अकरा आलेत.”

नऊ मुलग्यांतले अकरा पात्र! हा दोष सरांच्या टायपिंगचा नव्हता, माझ्या विचाराचा होता. काउंटइफ्सला ‘आणि’ समजतं, ‘किंवा’ समजत नाही. म्हणून मी तीन सूत्रं लिहिली होती: मुलगा आणि अनुसूचित जाती, मुलगा आणि अनुसूचित जमाती, मुलगा आणि दारिद्र्यरेषेखाली. मग तिन्हींची बेरीज. जाती आणि जमाती यांत एक मूल दोनदा येत नाही, पण दारिद्र्यरेषा कुठल्याही प्रवर्गातून आरपार जाते. अनुसूचित जमातीतला आणि दारिद्र्यरेषेखालचा मुलगा माझ्या बेरजेत दोनदा उभा होता.

याला एका ओळीतली हुशार उत्तरं आहेत. काउंटइफ्स येण्याआधी लोक सम्प्रॉडक्ट वापरत. त्यात प्रत्येक अटीचं खरं-खोटं एक किंवा शून्य धरून गुणाकार करायचा. त्यातच तीन अटींची बेरीज शून्याहून मोठी आहे का, असं विचारलं की ‘किंवा’ही जमतो. मला ते लिहिता येतं, तरी मी लिहिलं नाही. मी ‘पात्र’ नावाचा नवा रकाना घातला. प्रत्येक मुलाच्या नावासमोर होय किंवा नाही, आणि मग फक्त ‘होय’ मोजायचे. यावर माझं मत पक्कं आहे. लांबलचक सूत्र फक्त ते लिहिणाऱ्याला वाचता येतं. रकान्यातलं ‘होय’ त्या शाळेवरच्या शिक्षकाला वाचता येतं. तो मुलाच्या नावावर बोट ठेवून म्हणू शकतो, की याचं नाव इथे कसं आलं, किंवा याचं का नाही आलं. आकड्यावरून नावापर्यंत परत जाता येत नसेल, तर मला त्या आकड्याची भीती वाटते.

प्रवर्गाचा रकाना हे एक वेगळंच रान होतं. ‘अनुसूचित जमाती’, ‘अनुसुचित जमाती’, ‘अनु. जमाती’, ‘अ.ज.’, ‘एसटी’. ऱ्हस्व-दीर्घाची चूक वहीत मी लाल शाईने दुरुस्त करते. इथे तिने अख्ख्या वाडीतली मुलं गणतीबाहेर गेली असती. ताऱ्याचं चिन्ह टाकून सुरुवातीची अक्षरं पकडता येतात, पण ‘अनुसूचित ज’ एवढंच देऊन पुढे तारा टाकला तर जाती आणि जमाती दोन्ही येतात, कारण संगणकाला ‘जा’ म्हणजे आधी ज आणि मग काना. एका शाळेचा हा रकाना तर जुन्या फॉन्टमध्ये होता. पडद्यावर मराठी दिसत होतं, आत सगळी इंग्रजी अक्षरं. तो रात्री हाताने पुन्हा भरला. पुढच्या वर्षीपासून मी शाळांना कोरी फाइल न देता यादीतून निवडायची सोय करून देते, म्हणजे टाइप करायला जागाच उरत नाही.

पण सगळ्यांत जास्त वेळ मी बसून राहिले ती रिकाम्या चौकटींपाशी. एका शाळेने दारिद्र्यरेषेचा रकाना अर्ध्या मुलग्यांसाठी भरलाच नव्हता. काही ठिकाणी ‘निरंक’ लिहिलं होतं, आपल्या कार्यालयीन सवयीने. आता गंमत नाही, ही नीट बघण्याची गोष्ट आहे. ‘होय असेल ते मोज’ म्हटलं तर रिकामा मुलगा बाहेर राहतो. ‘नाही नसेल ते मोज’ म्हटलं तर तोच रिकामा मुलगा आत येतो, आणि ‘निरंक’वालाही येतो. दोन्ही प्रश्न आपल्याला एकच वाटतात. मुलाबद्दल कुणी काहीच सांगितलेलं नाही, आणि त्याला कपडे मिळणार की नाही ते मी वाक्य कुठल्या बाजूने लिहिते यावर ठरणार. रात्री साडेअकराला ते ठरवायचा अधिकार मला नाही, एवढं कळलं. रिकाम्या चौकटी पिवळ्या केल्या आणि झोपले.

सकाळी आठला त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. ते शाळेच्या वाटेवर होते. “कागद कपाटात आहेत बाई, पोचलो की सांगतो.” साडेनऊला त्यांनी एकेक नाव वाचत होय-नाही सांगितलं, मी भरत गेले. एका नावापाशी ते थांबले, “थांबा, याच्या आईला विचारून सांगतो, त्या खिचडी शिजवायला आल्यात.” पलीकडे बोलण्याचा आवाज आला. मग, “होय लिहा.”

दहा वाजून गेले तेव्हा आकडे स्थिर झाले. अनुसूचित जातीचे मुलगे ४६, जमातीचे ९७, दारिद्र्यरेषेखालचे ११८. बेरीज २६१. ‘पात्र’ रकान्यात मुलगे मात्र १९०. म्हणजे ७१ मुलगे दोनदा मोजले गेले असते, ४२,६०० रुपयांची जादा मागणी. मुली ४०१ धरून एकूण ५९१. प्रत्येक शाळेच्या शिक्षकांना मी आकड्याऐवजी त्यांची नावांची यादी पाठवली आणि म्हटलं, वाचून घ्या, मग ‘बरोबर’ लिहा.

अकरा ‘बरोबर’ आले. बारावा फोन वस्तीशाळेवरच्या सरांचा.

“तेराही नावं आहेत मॅडम. पण चौदावी काल दुपारी दाखल झाली. तिसरीत. दाखला आणलाय तिने.”

नाव विचारलं, जन्मतारीख, प्रवर्ग. शेवटच्या मुलाखाली नवी ओळ भरली, ८४५ वी. ‘मुलगी’ लिहून शेवटी मोकळी जागा नाही ना, तेही पाहिलं. तक्त्याकडे नजर टाकली तर मुली ४०१ च. क्षणभर समजेना. मग सूत्रावर गेले. डी२ पासून डी८४४ पर्यंत. ती नेमकी त्याच्या एक ओळ खाली होती.

प्रत्येक सूत्रातल्या ८४४ चे ८४५ केले. ४०२.