वेदगंगेकाठच्या विहिरी : किती पाणी, कसलं पाणी?

निपाणी परिसरात वेदगंगा-दूधगंगा वाहताना दिसतात, पण विहिरीचं पाणी साठतं काळ्या बेसाल्टमध्ये. अखंड कातळ पाणी धरत नाही. ते मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांतच राहतं. म्हणून बांधाच्या अलीकडे विहीर तुडुंब, तर पलीकडे बोअर कोरडं.

विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजतात. समजा, ती 3 मीटरनं वाढली. झिजलेल्या बेसाल्टमधून आकारमानाच्या साधारण 2 टक्केच पाणी उपसता येतं, असं धरतात. म्हणजे हेक्टरभर जमिनीखाली भर पडली 600 घनमीटर, अर्थात सहा लाख लिटर. उसाला हेक्टरी याच्या कितीतरी पट पाणी लागतं! सगळा ऊस विहिरीवरच पोसायचा म्हटलं, तर हा हिशेब जुळणं शक्य नाही.

गुणवत्तेचं दुखणं तर दिसतही नाही. पिकानं न उचललेल्या युरियाचं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं. त्याला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही मर्यादा. त्यापुढे तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं.

आता जुन्या विहिरींचं पाहू. बेळगावात 1924च्या काँग्रेस अधिवेशनासाठी विहीर खोदली होती. अशा जुन्या विहिरी जरूर वापरात आणाव्यात, पण आधी पाणी तपासून. नमुना घेताना पंप थोडा वेळ चालू ठेवा, बाटली त्याच पाण्यानं विसळा, मगच भरा. जिवाणू तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली वेगळी घ्या आणि ती विसळू नका.