खाडीकाठच्या जमिनीला परवानगी कोणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघालात की डोलवीला लागूनच आमचे गडब लागते. महामार्गापलीकडे भातखाचरे दिसतात, त्यांच्या टोकाला मातीचा लांबलचक बांध आणि बांधापलीकडे अंबा नदीची खाडी. हीच खाडी पुढे धरमतरच्या खाडीतून समुद्राला मिळते. आमचे सगळे जगणे त्या बांधावर उभे आहे. बांधाच्या आत गोड पाणी आणि भात, बाहेर खारे पाणी, तिवरे, जिताडा आणि निवट्या. बांध फुटला की ही वाटणी मोडते.

आज मला बोलायचे आहे ते या जमिनीवर काही करायचे झाले तर परवानगी कोणाची लागते आणि का लागते, याविषयी. विषय कागदांचा आहे, पण आमच्याकडे या कागदांवर भाताचे पीक ठरते, म्हणून थोडा धीर धरून ऐका.

आधी बांधाविषयी. हे बांध आमच्या पूर्वजांनी खाडीतून जमीन काढण्यासाठी घातले. त्यांची डागडुजी गावकीने, अंगमेहनतीने व्हायची. उधाणाची भरती येण्याआधी घरटी माणूस बांधावर जायचा. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला. पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला आणि बऱ्याच बांधांची जबाबदारी सरकारी योजनांकडे गेली. बांधात उघाडी असते, म्हणजे पाणी सोडण्याचे दार. ओहोटीला ती पावसाचे पाणी बाहेर सोडते, भरतीला खारे पाणी आत येऊ देत नाही. भर पावसात भरती असली की चार-सहा तास उघाडी बंद असते. तेवढा वेळ डोंगरावरून आलेले सगळे पाणी शेतात थांबते. आमची खाचरे त्या वेळेपुरती तलाव होतात.

हे पाणी किती असते? एक एकर शेतात एक फूट पाणी उभे राहिले तर ते सुमारे बारा लाख लिटर होते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एकशेवीस टँकर. त्या एकरावर कोणी मुरूम टाकून भराव केला, की हे एकशेवीस टँकर शेजाऱ्याच्या शेतात जातात. दहा एकर भरले की बाराशे. पाणी कुठे नाहीसे होत नाही. अंबा नदी कशी वागू शकते, हे २४ जुलै १९८९ रोजी जांभूळपाड्याने पाहिले आहे. त्याच नदीच्या मुखाजवळ आपण पाण्याची जागा कमी करत असू, तर ती कोणाला विचारून करतो, हा प्रश्न रास्त आहे.

आता कायद्याकडे वळू. पहिला कायदा किनाऱ्याचा. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्राने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. तिलाच आपण सीआरझेड म्हणतो. भरतीचे पाणी चढते ती भरतीरेषा, आणि तिच्यापासून जमिनीकडचा ठरावीक पट्टा हा या नियमाखाली येतो. खाडीच्या काठाला हा पट्टा २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी असेल ते, असा होता. २०१९ च्या अधिसूचनेने १०० चे ५० केले. या पट्ट्यातल्या कामांचे प्रस्ताव महाराष्ट्राच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातात.

आमच्यासाठी कळीचे कलम मात्र वेगळेच आहे. २०१९ ची अधिसूचना म्हणते की बांध किंवा उघाडी १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीची असेल, तर भरतीरेषा त्या बांधावरच थांबते. म्हणजे आतले शेत हे शेत. पण पुढचे वाक्य वाचायला हवे. बांधाच्या आत खारे पाणी शिरून खारफुटी उगवली, तर तेवढी जागा सर्वांत कडक वर्गात, म्हणजे सीआरझेड-एक-अ मध्ये धरली जाते, मग ती कितीही लहान असो.

याचा अर्थ काय, ते आमच्या खारात दिसते. एका पावसाळ्यात उधाणाने बांधाला खांड पडली. आम्ही अर्ज दिला. अंदाजपत्रक झाले, फाईल फिरली, आणि खांड तशीच राहिली. पुढच्या वर्षी तिथून रोज खारे पाणी आत-बाहेर करू लागले. तिसऱ्या वर्षी भाताच्या जागी तिवरांची रोपे दिसू लागली. मग एका कार्यालयात आम्हाला सांगण्यात आले की आता इथे खारफुटी आहे, हात लावता येणार नाही. सातबाऱ्यावर भातशेती आणि जमिनीवर जंगल, अशी ती खाचरे आजही आहेत. खारफुटीशी आमचे वैर नाही. बांधाबाहेरची तिवरे लाटेचा जोर मोडतात आणि बांध वाचवतात, हे आमच्या आज्यापणज्यांना ठाऊक होते. आमची तक्रार उशिराची आहे. परवानगीची व्यवस्था जिथे चटकन हलायला हवी तिथे ती हलली नाही.

खारफुटीविषयीचे नियम इतके कडक का झाले, तेही समजून घेऊ. मुंबई परिसरात डेब्रिज टाकून खारफुटी मारायची आणि मग मोकळी जागा म्हणून बांधकाम करायचे, असे सर्रास चालले होते. त्यावर झालेल्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर खारफुटीची तोड थांबवली आणि तिच्या भोवती ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ते कायम केले. आता सार्वजनिक हिताच्या कामाखेरीज खारफुटी तोडता येत नाही, आणि तशा सरकारी प्रकल्पालाही न्यायालयाची परवानगी मागावी लागते. खारे पाणी आत येऊ नये म्हणून करायच्या कामांना मात्र किनारा नियमांत वाट ठेवलेली आहे. म्हणून खांड पडली की ती खारफुटी उगवण्याआधी बुजवणे, हाच शहाणपणाचा आणि कायद्यालाही धरून असलेला मार्ग.

दुसरा कायदा पाणथळ जागांचा. २०१० मध्ये याचे नियम झाले, २०१७ मध्ये ते बदलले. या नियमांत पाणथळीची जी व्याख्या आहे तिच्यातून नदीपात्रे, मिठागरे आणि भातशेती वगळलेली आहेत. वर्षातले चार महिने पाण्यात असणारे आमचे खार कायद्याच्या लेखी पाणथळ नाही. शेतकऱ्याला दर पेरणीला परवानगी मागावी लागू नये, या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण तेच शेत विकले गेले आणि त्यावर भराव आला, तर पाणथळीचा नियम आडवा येत नाही. ते किनाऱ्याच्या पट्ट्याबाहेर असेल तर उरतो तो बिनशेतीचा आणि नगररचनेचा कागद. त्यात पाणी कुठे जाईल, हा प्रश्न विचारला गेला तर गेला.

ही अडचण आपलीच नाही. अमेरिकेत १९७२ च्या जलकायद्याच्या ४०४ व्या कलमाखाली पाणथळीत भराव टाकायला लष्कराच्या अभियंता विभागाची परवानगी लागते. आधी नुकसान टाळा, टळत नसेल तर कमी करा, उरलेल्याची भरपाई दुसरीकडे पाणथळ उभी करून द्या, असा तिथला क्रम आहे. पण २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नदी-तलावाशी पृष्ठभागावरून सलग जोडलेली पाणथळच या कायद्याखाली येते, असे ठरवले आणि कितीतरी जागा एका व्याख्येने बाहेर पडल्या. तेव्हा कायदा वाचताना व्याख्येचे पान आधी उघडावे.

तिसरा टप्पा मोठ्या प्रकल्पांचा. कारखाना किंवा बंदर उभे राहायचे तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. मोठ्या प्रकल्पाला ती केंद्र देते, तुलनेने लहान प्रकल्पाला राज्याचे प्राधिकरण. बहुतेकांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळावा लागतो. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. पेण तालुक्यात मतदानही झाले आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी विशेष आर्थिक क्षेत्राच्या भूसंपादनावर कौल दिला. पण तो प्रकार वेगळा. जनसुनावणीत हात मोजले जात नाहीत, मुद्दे नोंदले जातात. ‘आमचा विरोध आहे’ एवढे बोलून खाली बसलात तर इतिवृत्तात एक ओळ येते. ‘अमुक उघाडीचे पाणी अमुक नाल्याने जाते, तो नाला आराखड्यात बुजवलेला दिसतो’ असे बोललात, तर प्रकल्पवाल्यांना त्याचे उत्तर द्यावे लागते. मंजुरी मिळाल्यावर हरकत असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. सबळ कारण दाखवले तर आणखी साठ दिवस मिळतात. त्यानंतर दार बंद. आपल्याकडचे खंडपीठ पुण्याला आहे.

शेवटी नकाशाचे सांगतो. किनारा व्यवस्थापनाचा मोठा नकाशा १:२५,००० प्रमाणाचा असतो. त्यावर ५० मीटर म्हणजे दोन मिलिमीटर, पेन्सिलीच्या एका जाड रेघेएवढे. तुमचे शेत रेघेच्या आत की बाहेर, ते त्यावर कळणार नाही. म्हणून गट नंबर दाखवणारा १:४,००० चा नकाशा मागा. त्यावर तेच अंतर साडेबारा मिलिमीटर दिसते. तसेच तुमचा बांध १९९१ च्या आधीचा आहे याचे पुरावे आजच गोळा करा. जुना गावनकाशा, खारजमीन योजनेची नोंद, जे मिळेल ते. बांधाला खांड पडली तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उद्या कोणी विचारले की इथे आधी शेत होते की तिवरे, तर तोंडी साक्षीला किंमत राहत नाही.

हे सगळे एकट्या शेतकऱ्याने करायचे म्हटले तर जड जाते. बांध गावकीने राखला, तसे हे दप्तरही गावकीनेच राखावे. ग्रामपंचायतीत एक कपाट त्यासाठी ठेवावे आणि पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत ते उघडून वाचावे.