आळेफाट्याचा द्राक्षमांडव

पुण्याहून नाशिककडे जाणारा आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे उतरणारा, असे दोन राजरस्ते जेथे परस्परांना छेदतात, त्या जागेला आळेफाटा म्हणतात. फाटा म्हणजे वास्तविक दुसऱ्या गावाकडे नेणारी वाट. आणि ही वाट ज्या आळे गावाला जाते तेथे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी आपली श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी आहे. पण एस.टी.ची गाडी बदलण्यापुरता किंवा चहाच्या घोटापुरता जो येथे उतरतो, त्याच्या दृष्टीस पडतो तो कांद्याच्या उपबाजाराकडे निघालेल्या वाहनांचा तांडा, आणि हंगामात येथून नारायणगावापर्यंत रस्त्याच्या कडेला मांडलेली द्राक्षांची खोकी. ती खोकी ज्या मांडवांतून आलेली असतात, ते मांडव हल्ली पाहुण्यांसाठी खुले होऊ लागले आहेत. राज्य सरकारने 2018 साली जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. द्राक्ष महोत्सव भरू लागले. राजुरीच्या पराशर केंद्रासारखी कृषिपर्यटनाची ठिकाणे उभी राहिली. या मांडवाखाली पाहुण्याने काय पाहावे आणि तेथून घरी काय न्यावे, हे थोडे विस्ताराने सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

उष्ण कटिबंधाची शोभा पाहण्यासाठी पैसे मोजून जाण्याची चाल जगात नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील अॅनाहाइम येथे 1955 साली डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्यात एक विभाग केवळ उष्ण प्रदेशातील अरण्ये आणि नद्या यांच्या देखाव्यासाठी राखला होता; पुढे 1963 साली त्याच विभागात एक दालन बांधण्यात आले, ज्यात यंत्राने चोच हलवणारे पक्षी आणि यंत्रानेच उमलणारी फुले प्रेक्षकांपुढे गाणी म्हणतात. त्यामागचे कसब थोर आहे, आणि थंड मुलखातील मुलांना त्यातून मिळणारा आनंद खरा आहे. मात्र त्या उद्यानासाठी जी सुमारे 160 एकर जमीन खरेदी झाली, ती बहुतांशी संत्र्यांच्या बागांची होती, ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. तेथे फळबाग गेली आणि देखावा आला; आळेफाट्याच्या परिसरात बाग हाच देखावा आहे, आणि तो टिकतो तो बाग पिकते म्हणूनच.

या देखाव्यातील खरे नवल डोळ्यांना एकदम दिसत नाही. द्राक्षवेल मूळची समशीतोष्ण मुलखाची. तिकडे हिवाळा आला की तिची पाने गळतात, ती निजते, आणि वसंतात जागी होऊन वर्षातून एकदाच फळते. आपल्याकडे तिला निजवणारी थंडीच पडत नाही. मोकळी सोडली तर ती बारा महिने हिरवी राहील, रानवेलीसारखी पसरेल आणि फळाच्या नावाने हात आखडता घेईल. म्हणून जो विसावा ऋतू देत नाही तो येथे कात्रीने द्यावा लागतो, आणि तोही वर्षातून दोनदा. पहिली खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास होते. तीत खोडावरून आडव्या गेलेल्या ओलांड्यावर एकदोन डोळे, म्हणजे फूट निघण्याच्या जागा, ठेवून बाकीची सारी वाढ काढून टाकतात, आणि ऐन उन्हाळ्यात मांडव उघडाबोडका दिसू लागतो. दुसरी गोडी छाटणी ऑक्टोबरच्या आगेमागे होते, आणि तिच्यानंतर सुमारे चार महिन्यांनी घड काढणीला येतात.

परंतु फळाचा निर्णय गोडी छाटणीत होत नाही, तो त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. खरड छाटणीनंतर जी नवी काडी निघते, तिच्या डोळ्यांत साधारण दीड ते दोन महिन्यांच्या अवधीत घडाचा सूक्ष्म आकार धरला जातो, आणि त्यासाठी त्या काडीवर भरपूर ऊन पडावे लागते. आभाळ दाटून राहिले, किंवा फुटींची गर्दी होऊन डोळे सावलीत पडले, तर तो डोळा पुढे घडाऐवजी नुसती वांझ फूट देतो. फेब्रुवारीत पाहुणा ज्या घडाखाली उभा राहून छायाचित्र काढतो, तो घड मे-जूनच्या उन्हात, बाजरीच्या दाण्याहून फार मोठ्या नसलेल्या एका डोळ्यात ठरलेला असतो; आणि बागाईतदार मधले आठ महिने त्या न दिसणाऱ्या वस्तूवर भरवसा ठेवून पाणी, खत, औषध आणि मजुरी यांचा खर्च करीत राहतो. पेढीवर कर्ज काढण्यास एवढे तारण पुरणार नाही. शेतीत ते पुरवून घ्यावे लागते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, मांडवाखाली गेल्यावर आधी घड पाहू नयेत, काडी पाहावी. खोडावरून आडवा गेलेला ओलांडा, त्यावरून निघालेली काडी, काडीवरचा जुना काप आणि कापाखालून फुटलेली नवी फूट, हा क्रम बोटाने चाचपून पाहिला म्हणजे संबंध वर्षाचा जमाखर्च हाती लागतो. खोड जमिनीपासून थोडे वर, जेथे जाड होऊन किंचित वेडेवाकडे दिसते, तेथे कलमाचा सांधा असतो: खाली बहुधा डॉगरिज नावाची अमेरिकन रानजातीची मुळे, क्षार आणि पाण्याची ओढ सोसणारी, आणि वर आपली खाण्याची जात. त्या जातींची नावेही विचारून घ्यावीत. जुन्नरकडचे काळे जंबो आणि शरद सीडलेस वेगळे, थॉमसन वेगळे, आणि सोलापूरकडच्या नान्नज गावी एका बागाईतदारानेच निवडून वाढवलेले लांब मण्यांचे सोनाका वेगळे. विद्यापीठाच्या पदवीवाचून, केवळ वेलीकडे लक्ष ठेवून ज्यांनी नव्या जाती हेरल्या, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

राजुरीच्या बाजूला एका बागेत मी जानेवारीच्या सकाळी गेलो होतो. दव अजून पानांवर होते. मी सवयीने घडाच्या वरच्या अंगाचा टपोरा मणी तोडणार, तोच बागेचे मालक म्हणाले, “पाव्हणं, वरचा नको, खालच्या टोकाचा खाऊन बघा. त्यो गोड लागला म्हंजी समदा घड पिकला.” घड खांद्याकडून टोकाकडे पिकत येतो, ही गोष्ट त्या एका मण्याने मला कायमची शिकवली. वेलीवरून उतरल्यावर द्राक्ष आंब्यासारखे अढीत पिकत नाही, म्हणून खरेदीच्या वेळी ही कसोटी अवश्य लावावी. मण्यावरची पांढुरकी मेणासारखी झाक औषधाचा डाग समजून पुसू नये. ती फळाची स्वतःची असते, आणि जेथे ती शाबूत आहे तेथे घड फार हाताळलेला नाही असे समजावे. खाण्यापूर्वी मात्र फळ धुवावेच. घड मालकाच्या परवानगीने आणि कात्रीनेच काढावा. हाताने ओढल्यास काडी सोलवटते.

आठवणीदाखल काय न्यावे? खोकेभर द्राक्षे तर नेलीच पाहिजेत. बेदाणा येथे शोधू नये. ती कीर्ती तासगाव-सांगलीची, आणि ज्या गावचा जिन्नस त्याच गावी घ्यावा हे उत्तम. त्याऐवजी जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे जो बाळहिरडा वेचून वाळवतात, तो पावशेर तरी घ्यावा. औषधाला उपयोगी, वर्षानुवर्षे टिकणारा, आणि त्याचा पैसा उन्हात वेचणाऱ्या हातांपर्यंत पोचणारा. एके काळी जुन्नरचा हातकागद दप्तरांसाठी नावाजलेला होता आणि तो करणाऱ्या कागदी कारागिरांची तेथे वस्ती होती. तसा कागद आज पाहुण्याच्या हाती देता आला असता, तर त्याहून सुंदर भेट या तालुक्यापाशी दुसरी नसती. पर्यटनाच्या योजना आखणाऱ्यांनी याची तजवीज मनावर घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दिवस हाताशी असेल तर बेल्ह्यावरून अणे घाटाकडे जावे. तेथे गुळुंचवाडीजवळ ओढ्याने खडक कोरून नैसर्गिक पूल केला आहे, आणि राजरस्ता त्याच्यावरूनच गेलेला असल्याने बहुतेक प्रवासी तो न पाहताच ओलांडतात. खाली उतरून त्या कमानीत पाच मिनिटे उभे राहावे. खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या तबकड्या रस्त्यावरूनही दिसतात. अशा 30 आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. ओझर, लेण्याद्री आणि शिवनेरी यांसाठी वेगळा दिवस राखावा. मुक्काम केल्यास तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेने एकट्याने फिरू नये, मुलांना तर मुळीच सोडू नये. या मुलखात बिबट्याचा वावर आहे आणि यजमान जे सांगतील ते तंतोतंत पाळावे.

आणि शक्य असेल त्याने एप्रिलात पुन्हा यावे. त्या वेळी कोणी बोलावणार नाही, महोत्सव नसेल, रस्त्याच्या कडेला खोकी नसतील. मी एकदा तसा गेलो, तेव्हा छाटणी नुकतीच उरकली होती. बांधाला काड्यांचे भारे रचलेले होते, तारांवर एक पान नव्हते, आणि वेलींच्या कापांतून थेंब थेंब पाणी गळत होते. मालक रांगेतून सावकाश चालत प्रत्येक ओलांड्यावर राखलेले डोळे मोजत होते. मी त्यांच्या मागून चालत राहिलो, आणि रांग संपेपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.